चाकणला क्वालिटी इन्स्पेक्टरची मुलाखत आहे, आठ दिवसांत काय तयारी करू?

डिप्लोमावाली

नमस्कार मंडळी. मेकॅनिकल डिप्लोमा यंदाच झालाय. पुढच्या गुरुवारी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टरच्या जागेसाठी बोलावलंय. मशीनिंगचं काम आहे: शाफ्ट, बुश, हाउसिंग असे जॉब. आधी टेक्निकल, मग एचआर आणि "जमलं तर शॉप फ्लोअरवर एक चक्कर", एवढंच फोनवर कळलं. अनुभव म्हणाल तर सहा आठवड्यांचं इन-प्लांट ट्रेनिंग, त्यात इन्स्पेक्शनचं रजिस्टर भरायचे.

"क्वालिटीचे टॉप ५० प्रश्न" पाठ करून झालेत, पण त्यावर भरवसा वाटत नाही. उपकरणांबद्दल कितपत खोलात विचारतात? ड्रॉइंगवरचे ते चौकोन बघितले की गोंधळते. पीपॅप (नव्या भागाच्या मंजुरीची कागदपत्रं), एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला विचार) फ्रेशरला यायलाच हवं का? इंग्रजी समजतं, बोलताना अडखळते. आणि पगार किती सांगायचा? जाणकारांनी सांगा.

मायक्रॉन

आठातले चार दिवस मोजमापाला द्या, बाकी सगळं उरलेल्या चारात बसतं. फ्रेशर असेल तर टेबलावर एखादा टर्निंग केलेला जॉब, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ठेवतात, "हा डाया (व्यास) काय येतो सांगा" म्हणतात आणि गप्प बघत बसतात. आकडा एखाद्या शतांशाने इकडेतिकडे झाला तर कुणी फार बोलत नाही. हात कसा चालतो ते बघायचं असतं.

म्हणून क्रम हाताला लावून घ्या. उपकरणावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर आधी बघायचं. तारीख उलटून गेलेलं उपकरण मुद्दामही पुढे करतात. मग जॉब पुसायचा, जबडे पुसायचे, जबडे मिटवून उजेडाकडे धरायचे (मध्ये फट दिसली तर जबडे झिजलेत) आणि शून्य तपासायचं. मिटवल्यावर व्हर्निअरचं शून्य मेन स्केलच्या शून्याच्या उजवीकडे गेलं असेल तर एरर प्लस, तो वाचनातून वजा करायचा. डावीकडे असेल तर मायनस, तो मिळवायचा. त्यानंतर मोजायचं, पण एकाच जागी नाही. दोन टोकांना आणि मध्ये, आणि प्रत्येक जागी जॉब ९० अंश फिरवून पुन्हा. टोकाटोकाला फरक आला तर टेपर, फिरवल्यावर फरक आला तर ओव्हॅलिटी. बहुतेक मुलं एकदा मोजून आकडा सांगतात आणि उपकरण खाली ठेवतात.

व्हर्निअरचं लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.०२ मिमी हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून पुढचा प्रश्न "ते आलं कुठून" हा असतो. मेन स्केलवरचे ४९ मिमी व्हर्निअरवर ५० भागांत वाटलेत. म्हणजे एक भाग ०.९८ मिमी, आणि १ वजा ०.९८ म्हणजे ०.०२. वाचन: व्हर्निअरचं शून्य २४ च्या पुढे गेलंय आणि १७ वी रेघ जुळतेय, तर २४ + १७ × ०.०२ = २४.३४. समोर कागद ओढून हे लिहून दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा बरं.

मायक्रोमीटरमध्ये सगळे एकाच ठिकाणी फसतात. स्पिंडलचा पिच (एका फेरीत दांडा सरकतो ते अंतर) ०.५ मिमी, थिंबलवर (फिरणाऱ्या नळीवर) ५० भाग, म्हणून लीस्ट काउंट ०.०१. स्लीव्हवर (स्थिर नळीवर) ७ ची रेघ दिसते, तिच्या पुढे खालच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरची रेघ थिंबलच्या काठाला लागून जेमतेम उघडी पडलेली असते आणि थिंबलवर २३. उत्तर ७.७३. अर्ध्याची रेघ नजरेतून सुटली की ७.२३ होतं, पुरता अर्धा मिलिमीटर चूक. इलाज साधा आहे: मायक्रोमीटरने घेतलेला आकडा आधी घेतलेल्या व्हर्निअरच्या आकड्याशी ताडून बघायचा.

थिंबल पिळून घट्ट करू नका. रॅचेट फिरवायचं, दोन-तीन टिकटिक झाल्या की थांबायचं. "रॅचेट कशासाठी?" तर दर वेळी, दर माणसाचा दाब सारखा पडावा म्हणून. "मायक्रोमीटर व्हर्निअरपेक्षा भरवशाचा का?" हाही ठरलेला प्रश्न. लीस्ट काउंट बारीक, हे अर्धंच उत्तर. मायक्रोमीटरमध्ये जॉब आणि स्केल एकाच रेषेत असतात. व्हर्निअरमध्ये जॉब स्केलपासून बाजूला जबड्यांत असतो, त्यामुळे सरकता जबडा जरा कलला तरी चूक वाढते. याला ॲबेचं तत्त्व म्हणतात. आणि २५-५० चा मायक्रोमीटर दिला तर शून्य तपासायला २५ मिमीचा सेटिंग पीस मागून घ्या. न मागता मोजायला सुरुवात करणारे बरेच असतात.

बोअर गेज (भोकाचा आतला व्यास मोजायचं उपकरण) हाताळला नसेल तर ट्रेनिंगच्या वर्कशॉपमध्ये किंवा कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये एक तास मागून घ्या, नुसतं वाचून ते कळत नाही. रिंग गेजवर किंवा मायक्रोमीटरमध्ये शून्य लावायचं, बोअरमध्ये घालून पुढेमागे डोलवायचं आणि काटा जिथून परत फिरतो तो आकडा घ्यायचा. गंमत अशी की काटा घड्याळाच्या दिशेने पुढे गेला तर बोअर लहान, उलट गेला तर मोठा, कारण बोअर लहान असेल तेव्हा प्लंजर आत दाबला जातो. डायल गेजच्या सवयीने इथे उलटं उत्तर दिलं जातं.

शेवटचं, उपकरणाची निवड. टॉलरन्सच्या (मापाला दिलेल्या मुभेच्या) साधारण दहाव्या भागाएवढं लीस्ट काउंट असावं, हा अंगठ्याचा नियम. बोअरला एकूण २१ मायक्रॉनची (०.०२१ मिमी) मुभा असेल तर ०.०२ च्या व्हर्निअरने ते मोजणं म्हणजे गव्हाच्या काट्यावर सोनं तोलणं. तिथे ०.००१ चा डायल लावलेला बोअर गेज किंवा एअर गेज.

गो_नोगो

मायक्रॉन यांनी २१ मायक्रॉन म्हटलंय, ते २५ एच७ चं (२५ मिमीच्या होलला मानकाने ठरवलेली मुभा) आहे. तोच धागा धरून ड्रॉइंग आणि फिट (होलमध्ये शाफ्ट किती सैल किंवा घट्ट बसतो) सांगतो.

पाठ करायला एकच मापगट घ्या, १८ ते ३० मिमी, आणि त्यातले चार आकडे पक्के करा. एच७ होल: ० ते +२१ मायक्रॉन. जी६ शाफ्ट: −७ ते −२०. एच६ शाफ्ट: ० ते −१३. पी६ शाफ्ट: +२२ ते +३५. कॅपिटल अक्षर होलसाठी, स्मॉल शाफ्टसाठी. आता गणित करा: २५ एच७/जी६ मध्ये कमीत कमी फट ७ मायक्रॉन (लहानात लहान होल, मोठ्यात मोठा शाफ्ट), जास्तीत जास्त २१ + २० = ४१. ही क्लिअरन्स फिट. एच७/पी६ मध्ये कमीत कमी १ आणि जास्तीत जास्त ३५ मायक्रॉन दाब, म्हणजे इंटरफिअरन्स. बुश प्रेसवर बसवावा लागेल. फिटच्या तीन व्याख्या म्हणण्यापेक्षा हे एक गणित मांडून दाखवलंत तर पुढचे दोन प्रश्न आपोआप गळतात.

त्याच २५ एच७ चा प्लग गेज (होलमध्ये घालून तपासायचा दांडा): गो बाजू २५.०००, नो-गो बाजू २५.०२१. गो आत जायलाच हवा, स्वतःच्या वजनाने, ढकलून नाही. नो-गो जाता कामा नये. मग विचारतील, "शाफ्टच्या स्नॅप गेजला गो कुठल्या मापाचा?" तिथे उलट, गो म्हणजे शाफ्टचं मोठं माप. लक्षात ठेवायची खूण अशी: गो नेहमी जास्त मटेरिअल असलेली हद्द तपासतो. होलमध्ये जास्त मटेरिअल म्हणजे लहान होल, शाफ्टमध्ये जास्त मटेरिअल म्हणजे जाड शाफ्ट.

ड्रॉइंग हातात आलं की लगेच मापांवर उडी मारू नका. आधी टायटल ब्लॉक: भागाचं नाव, मटेरिअल, स्केल, रिव्हिजन नंबर आणि प्रोजेक्शनचं चिन्ह. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, त्यात डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे काढलेलं असतं. अमेरिकी ग्राहकाचं ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये असतं, तिथे डावीकडचं डावीकडेच. हे न बघता बोलायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं. रिव्हिजन नंबर तर क्वालिटीवाल्याने पहिला बघायचा; जुन्या रिव्हिजनवर तपासलेला चांगला मालही रिजेक्ट होतो.

आता ते चौकोन. डावीकडून वाचायचे: पहिल्या खणात काय तपासायचं त्याचं चिन्ह, दुसऱ्यात किती मुभा, पुढच्या खणांत कशाच्या संदर्भाने, म्हणजे डेटम. फ्लॅटनेस, स्ट्रेटनेस, सर्क्युलॅरिटी, सिलिंड्रिसिटी यांना डेटम नसतो, कारण तो भागाच्या स्वतःच्या आकाराचा प्रश्न आहे. पॅरललिझम, परपेंडिक्युलॅरिटी, रनआउट यांना लागतो. "फ्लॅटनेसचा डेटम कुठला?" असा फसवा प्रश्न विचारतात, सावध रहा.

पोझिशनचं एक उदाहरण करून ठेवा. होलचं केंद्र एक्समध्ये ०.०६ आणि वायमध्ये ०.०८ ने सरकलंय. सरळ अंतर ०.१०, पण पोझिशनचा झोन डायामध्ये असतो म्हणून दुप्पट: ०.२०. ड्रॉइंगवर डाया ०.१५ लिहिलं असेल तर रिजेक्ट. दुप्पट करायचं विसरलं की तोच भाग ओके ठरतो! शेजारी वर्तुळातला एम असेल तर बोनस मिळतो: होल १०.० ते १०.२, पोझिशन ०.३ एमएमसीला (जास्त मटेरिअलच्या हद्दीला), प्रत्यक्ष होल १०.१२ आलं, तर बोनस ०.१२ आणि एकूण मुभा ०.४२.

कॉन्सेंट्रिसिटी आणि सिमेट्री ही चिन्हं अमेरिकी मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतून काढून टाकलीत, आयएसओत ती अजून आहेत. "एकूण चिन्हं किती?" विचारलं तर "कुठल्या मानकाप्रमाणे?" हे विचारणं चुकीचं नाही.

जाता जाता, वर ९० अंश फिरवून मोजायला सांगितलंय ते बरोबरच आहे. पण सेंटरलेस ग्राइंडिंगच्या जॉबला तीन कंगोरे पडलेले असतील तर दोन बिंदूंच्या मोजणीत डाया सगळीकडे सारखाच येतो. तिथे व्ही-ब्लॉक आणि डायल लागतो.

डिप्लोमावाली

बापरे, पाठ केलेल्या पन्नास प्रश्नांत यातलं चार आणेसुद्धा नव्हतं. लॅबमध्ये बोअर गेज आहे, उद्याच जाते. पण "लाइनवर रिजेक्शन आलं तर काय कराल" असा प्रश्न आला तर? मी "ऑपरेटरला सांगेन, सुपरवायझरला कळवेन" एवढंच म्हणू शकते.

लालडबा

तो प्रश्न येणारच, आणि उमेदवार पडतात ते बहुतेक इथेच. साधारण असा विचारतात: "आठ वाजता पॅट्रोलिंगला (लाइनवरच्या फेरीत) शाफ्ट ओके होता. दहा वाजता डाया मोठा सापडला. काय कराल?"

पहिलं काम, स्वतःच्या मोजणीवर संशय घ्यायचा: उपकरणाचं शून्य बघून तोच भाग पुन्हा मोजायचा, लागोपाठचे आणखी दोन-तीन भाग मोजायचे. खरंच मोठा असेल तर मशीन थांबवायला सांगायचं, भागावर लाल टॅग लावून लाल डब्यात, आणि सुपरवायझरला कळवायचं. इथपर्यंत सगळे येतात. पुढचं सुटतं: आठ ते दहामध्ये बनलेला सगळा माल संशयित धरायचा. सायकल टाइम ३० सेकंद असेल तर दोन तासांत २४० भाग. त्यातले काही मशीनजवळच्या ट्रेमध्ये असतील, काही वॉशिंगला गेले असतील, काही पुढच्या ऑपरेशनला लागले असतील, एखादी पेटी पॅकिंगलाही पोचली असेल. सगळीकडून गोळा करून, मोजून, आकडा २४० भरला पाहिजे. २३१ च सापडले तर उरलेले ९ कुठे, हे सापडेपर्यंत ते काम संपलं असं म्हणायचं नाही. त्यानंतर शंभर टक्के तपासणी, दुरुस्ती झाल्यावर फर्स्ट पीस पुन्हा मंजूर, आणि नोंद.

मग कारण. "ऑपरेटरचं दुर्लक्ष" हे उत्तर देऊ नका, तिथे मुलाखत थंड पडते. "का" विचारत खाली उतरायचं. डाया का वाढला? इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) झिजला. का झिजेपर्यंत चालला? २०० भागांवर बदलायचा होता, बदलला नाही. का नाही? मशीनचा काउंटर आदल्या बदलाच्या वेळी शून्यावर आणला नव्हता. का नाही? टूल बदलण्याच्या वर्क इन्स्ट्रक्शनमध्ये ती पायरीच नाही. आता उपाय दिसतो: पायरी लिहायची, आणि जमलं तर काउंटर भरला की मशीनच थांबेल अशी सोय करायची. शिवाय दुसरी बाजू विचारायची, "आपल्याला लवकर का नाही सापडलं?" टूलचं आयुष्य २०० भाग आणि आपण तपासतो २४० भागांनी एकदा, म्हणजे दोन तपासण्यांच्या मध्ये टूल संपून जातं. तपासणी तासावर आणायला हवी. हे दोन्ही धागे फ्रेशरने सांगितले तर ते नोंद करून घेतात.

यातच एक गुगली असते. टूल झिजलं तर बाहेरचा डाया वाढतो. बोअरचं काय होतं? कमी होतो. घाईत "तोही वाढतो" म्हणू नका.

दुसरी गुगली: "प्रॉडक्शनचे साहेब म्हणतायत गाडी उभी आहे, पाच मायक्रॉननेच बाहेर आहे, सोडून द्या. सोडाल?" भांडणाची भाषा नको, नमतं घेणंही नको. "सर, तो निर्णय माझ्या अधिकारातला नाही. माल बाजूला ठेवते, क्वालिटी हेडना लगेच फोन करते. ग्राहकाकडून लेखी डेव्हिएशन (सूट) आलं तर त्याप्रमाणे टॅग लावून पाठवू." बस.

पीपॅप-एफएमईएचं. तयार करता यावं अशी अपेक्षा फ्रेशरकडून नसते. कशाला काय म्हणतात आणि ते कधी लागतं एवढं हवं. पाच कोअर टूल्स: एपीक्यूपी (नव्या भागाच्या क्वालिटीचं नियोजन), पीपॅप, एफएमईए, एमएसए (मोजमाप पद्धतीची तपासणी), एसपीसी (आकडेवारीने प्रक्रियेवर नियंत्रण). वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक आयएटीएफ १६९४९:२०१६. पीपॅपमध्ये १८ घटक आणि ५ लेव्हल, ग्राहकाने वेगळं सांगितलं नाही तर लेव्हल ३. एमएसएमध्ये गेज आरअँडआर (उपकरण आणि माणसामुळे मोजणीत पडणारा फरक) १० टक्क्यांखाली चांगलं, १० ते ३० मध्ये कामाप्रमाणे ठरवायचं, ३० च्या वर उपकरण किंवा पद्धत बदलायची. अभ्यास साधारण १० भाग, ३ माणसं, प्रत्येकी २-३ वेळा. एफएमईएमध्ये सिव्हिअरिटी (परिणाम किती गंभीर), ऑकरन्स (किती वेळा घडतं), डिटेक्शन (सापडणं किती अवघड) यांना १ ते १० गुण आणि तिघांचा गुणाकार म्हणजे आरपीएन.

सीपी-सीपीकेचं (प्रक्रिया हद्दीत किती नीट बसते त्याचे आकडे) एक गणित सोडवून ठेवा. २० ± ०.०५, सरासरी २०.०२, सिग्मा (मापं किती पसरलीत त्याचा आकडा) ०.०१. सीपी = एकूण मुभा ०.१० ÷ सहा सिग्मा ०.०६ = १.६७. सीपीके = जवळच्या हद्दीपर्यंतचं अंतर ०.०३ ÷ तीन सिग्मा ०.०३ = १.००. म्हणजे मशीन चांगलं आहे, सेटिंग एका बाजूला सरकलंय. ऑफसेट देऊन मध्यावर आणलं तर सीपीकेही १.६७ होईल. १.३३ ही नेहमीची अपेक्षा. पीपीएमही (दहा लाखांत किती खराब) विचारतात: १२,००० मध्ये ३ खराब म्हणजे २५०.

मायक्रॉन

लालडबा, एक भर. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योगाच्या संघटना) एफएमईए पुस्तिकेत आरपीएन नाही, त्याजागी ॲक्शन प्रायोरिटी आहे: हाय, मीडियम, लो. कारण सिव्हिअरिटी ९ असलेला धोका आणि ३ असलेला धोका, दोघांचा गुणाकार सारखा येऊ शकतो. पुष्कळ प्लांटमध्ये जुन्या शीटवर आरपीएनच चालू असतं, म्हणून ताईंनी दोन्ही नावं घ्यावीत.

लालडबा

मान्य. आरपीएन सांगून "नव्या पुस्तिकेत एपी आहे" एवढं जोडलं की झालं.

हजेरीबुक

टेक्निकलचं वर छान आलंय, एचआरकडचं सांगते.

कागद: तिन्ही वर्षांच्या मार्कशीट, डिप्लोमा सर्टिफिकेट (आलं नसेल तर प्रोव्हिजनल), दहावीची मार्कशीट, आधार, पॅन, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, चार फोटो, बायोडाटाच्या तीन प्रती. सगळ्याच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये, मूळ प्रती वेगळ्या. आणि कागद मोबाइलवर ठेवून जाऊ नका. चाकणच्या बऱ्याच कंपन्यांत गेटवरच कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात किंवा फोन जमा करून घेतात, मग मार्कशीट दाखवणार कुठून? बोलावणाऱ्याचं नाव आणि नंबरही कागदावर लिहून ठेवा, सिक्युरिटी तेच विचारते.

फ्लोअरवर चक्कर होणार असेल तर बंद बूट, ओढणी नाही किंवा पिन लावून घट्ट, केस बांधलेले, बांगड्या-अंगठी काढलेली. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचं. तिथे भाग उचलायच्या आधी "हात लावू का?" विचारा. ग्राइंडिंग केलेल्या पृष्ठभागाला घामाच्या हाताने गंज चढतो, हे त्यांना माहीत असतं; तुम्हालाही माहीत आहे हे त्यातून कळतं.

"स्वतःबद्दल सांगा" हे एक ते दीड मिनिटाचं काम आहे. बायोडाटा वाचून दाखवू नका, तो त्यांच्यासमोरच असतो. नाव, गाव, डिप्लोमा एका वाक्यात उरका आणि ट्रेनिंगवर या. तुम्ही लिहिलंय की रजिस्टर भरायचे. तेच तुमचं भांडवल आहे, पण "रजिस्टर भरलं" म्हणून थांबलात तर संपलं. त्यात काय भरलं? भाग कुठला, कुठलं माप, हद्द किती, किती वेळाने एकदा, कशाने मोजलं, बाहेर गेलेलं माप आलं तेव्हा पुढे काय झालं? एवढ्या सहा गोष्टी आठवून कागदावर उतरवा. आठवत नसतील तर ट्रेनिंग दिलेल्या माणसाला फोन करा. हद्द ठोकून देऊ नका. समोरचे लोक रोज तेच भाग बनवतात.

इंग्रजी: लाइन इन्स्पेक्टरला दिवसभर मराठी-हिंदीच बोलायचं असतं, पण रिपोर्ट आणि ग्राहकाचे मेल इंग्रजीत. म्हणून ओळखीची सात-आठ वाक्यं इंग्रजीत मोठ्याने म्हणून बसवा आणि टेक्निकल उत्तरात अडलं तर सरळ म्हणा, "सर, हे मराठीत किंवा हिंदीत सांगू का?" नाही म्हणणारे फार थोडे. अर्धवट इंग्रजीत चुकीची व्याख्या देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. एखादं उत्तर येतच नसेल तर "हे मला माहीत नाही, वाचून घेईन" म्हणा आणि पुढच्या प्रश्नाकडे जा. अंदाजे ठोकलेल्या उत्तरावर ते आणखी दोन प्रश्न विचारतात आणि माणूस खोल रुतत जातो.

पगार. आकडा सांगायच्या आधी सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) आणि हातात येणारी रक्कम यांतला फरक समजून घ्या. धरा, वर्षाला २,६४,००० सीटीसी सांगितली, म्हणजे महिना २२,०००. बेसिक ११,००० असेल तर त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, १,३२०, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, सुमारे ५३०. कंपनीचा ईएसआय (कामगार विमा) ग्रॉसच्या (कपातीआधीच्या पगाराच्या) ३.२५ टक्के, सुमारे ६३५. उरला ग्रॉस साधारण १९,५००. आता तुमच्याकडून पीएफ १,३२० आणि ईएसआय ०.७५ टक्के, सुमारे १४७. हातात १८,००० च्या आसपास. व्यवसाय कर स्त्रियांना महिना २५,००० पर्यंत नाही. पुरुष असता तर आणखी २०० गेले असते. बोनस सीटीसीतच धरला असेल तर दरमहा आणखी कमी, आणि कँटीन-बसची कपात वेगळी. ईएसआय ग्रॉस २१,००० पर्यंतच लागू होतो.

फ्रेशरने स्वतःहून आकडा टाकू नये. "आपल्याकडे या जागेला जी श्रेणी आहे ती कळली तर बरं" म्हणा. तरी विचारलंच तर हातात किती हवेत ते सांगा आणि खोलीभाडं-बसचा हिशेब मनात ठेवून सांगा.

विचाराच असे तीन प्रश्न: पगार कुणाच्या नावावर निघणार, कंपनीच्या की कंत्राटदाराच्या? पद ट्रेनी, अप्रेंटिस की कायम? शिफ्ट कुठल्या, आणि दुसऱ्या शिफ्टला बस घराच्या स्टॉपपर्यंत येते की चौकात सोडते? हे ऑफर लेटरवर सही करायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. अप्रेंटिस म्हटलं की स्टायपेंड मिळतो, पगार नाही, आणि मुदत संपल्यावर घेतीलच असं नसतं.

डिप्लोमावाली

फार फार आभार. एक राहिलं: मैत्रिणीला दुसरीकडे दोन वर्षांचा बाँड आणि मूळ मार्कशीट जमा करायला सांगितलं होतं. असं काही निघालं तर? आणि नेमणुकीआधी "ट्रेनिंग किट"चे पैसे मागणारे फोनही येतात.

हजेरीबुक

मूळ मार्कशीट पडताळणीसाठी दाखवायच्या, समोर बसून, आणि परत घेऊन निघायचं. ठेवून घेतो म्हणाले तर "झेरॉक्सवर सही करून देते" म्हणा. बाँडवर आकडा, मुदत आणि त्याबदल्यात कुठलं ट्रेनिंग देणार हे लिहिलेलं आहे का वाचा, एक प्रत मागा, त्याच दिवशी सही करू नका. "घरी दाखवून उद्या देते" म्हटल्याने ऑफर जात नाही. पैसे मागणारा फोन आला तर तिथेच ठेवून द्या, मग गणवेश असो, किट असो की मेडिकल. कंपनीच्या वेबसाइटवरून लँडलाइन काढून एचआरला विचारलं तर दोन मिनिटांत कळतं.

गो_नोगो

आणखी एक, पोचण्याचं. चाकण एमआयडीसीचे फेज एकमेकांपासून लांब आहेत आणि मोठ्या कंपन्यांचे प्लांटही एकाहून जास्त असतात. फेज, प्लांट आणि गेट नंबर फोनवर लिहून घ्या. तळेगाव चौकात सकाळी शिफ्टच्या वेळी गाड्या हलत नाहीत. दहाची वेळ असेल तर सव्वानऊला गेटवर असा. गेट पासची नोंद, फोटो, सेफ्टीचा व्हिडिओ यातच वीस-पंचवीस मिनिटं जातात.